संघटनेबाहेर कोण आहे, ते आधी बघा

येलदरीला पूर्णेवरच्या धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यामुळे वीज आणि विजेचे कामगार हा आमच्याकडचा नेहमीचा विषय. मी लाईनमन म्हणून नोकरी केली, नोकरीभर युनियनची वर्गणी भरली, आता निवृत्त होऊन इथं राहतो. युनियननं कामगाराचं भलं केलं की वाटोळं, हा वाद टपरीवर सुरू झाला की लोक माझ्याकडे बघतात. माझं मत असं आहे.

१. एकट्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही.
खांबावर चढण्याआधी परमिट घ्यायचं, फीडर बंद असल्याची खात्री करायची, अर्थिंग करायचं. नियम प्रत्येकाला पाठ असतो. पण भर पावसात गाव अंधारात असतं, फोनवर फोन येतात, आणि कोणीतरी म्हणतं, ‘‘अरे, दोन मिनिटांचं तर काम आहे.’’ नवखा पोरगा एकटा असला की चढतो. पाठीशी चार माणसं असली तर तो म्हणू शकतो, ‘‘साहेब, परमिट येऊ द्या, मग चढतो.’’ पगारवाढ, बोनस हे नंतरचं. कामावर गेलेला माणूस धडधाकट घरी यावा, यासाठी आधी युनियन हवी. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, तीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे कामगारांना घेऊन उभे राहिले म्हणून.

२. मान्यता कागदावर मिळते, विश्वास मिळवावा लागतो.
‘युनियनमुळेच गिरण्या बुडाल्या’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पण ते सामंतांकडे का गेले, हे कोणी विचारत नाही. कायद्यानं बोलणी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता आणि बहुसंख्य कामगारांचा त्या संघावर भरवसा उरला नव्हता. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यामागे कामगार नाहीत, आणि ज्याच्यामागे कामगार आहेत त्याच्याशी बोलायचं नाही. या पेचात हजारो घरं बसली. मालकांना गिरण्यांच्या जमिनी जास्त मोलाच्या वाटू लागल्या होत्या, हेही विसरू नये. तरीही संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हा दोष मी नेतृत्वाला देतो.

३. थांबायचं कुठं, हे संपावर जाण्याआधी ठरवा.
एसटीचा २०२१चा संप आमच्या भागानं फार सोसला. तालुक्याच्या गावी, जिंतूरला शाळा-कॉलेजात जाणारी पोरं, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं काळी-पिवळीत कोंबून गेली. कर्मचाऱ्यांची मागणी खोटी नव्हती. त्यांच्या तुटपुंज्या पगारात घर चालत नव्हतं. नोव्हेंबरातच मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली. पण एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण झाल्याशिवाय माघार नाही, असं वातावरण तयार झालं होतं, आणि संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. विलीनीकरण झालं नाही. मधल्या महिन्यांचा पगार गेला तो गेलाच. जुन्या संघटनांचं कोणी ऐकेना, नव्या पुढाऱ्यांना परत फिरायची वाट दाखवता येईना. हातात आलेली वाढ घेऊन पुढची लढाई कामावर राहून लढता आली असती, असं मला आजही वाटतं.

४. एक ठोस मागणी आणि सगळे झेंडे एकत्र.
४ जानेवारी २०२३ ला वीज कर्मचारी ७२ तासांच्या संपावर गेले. भांडुप, ठाणे, नवी मुंबईच्या पट्ट्यात अदानीच्या कंपनीनं वीज वितरणाचा समांतर परवाना मागितला होता, त्याला विरोध होता. लाल, भगवे, निळे मिळून तीसेक संघटना एकत्र आल्या. त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांशी बैठक झाली, खासगीकरण करणार नाही असं आश्वासन मिळालं आणि संप मिटला.

५. युनियनचा सगळ्यात मोठा दोष.
तो संपात नाही. जे आधीच सुरक्षित आहेत त्यांचीच काळजी करत बसणं, हा तो दोष. आज खांबावर चढणारा पोरगा बहुधा कंत्राटी असतो. काम तेच, धोका तोच, पगार निम्म्याहून कमी. ठेकेदार बदलला की त्याची नोकरी टांगणीला. आम्ही कायम कामगारांच्या बैठका बढती, बदली, भत्ता यांवर तासन्‌तास चालायच्या आणि कंत्राटींचा विषय लोक उठू लागल्यावर निघायचा. ज्या संघटनेला आपल्यातला सगळ्यात दुबळा माणूस दिसत नाही, तिच्यावर बाहेरचे लोक टीका करतात तेव्हा मला उत्तर देता येत नाही.

६. ज्यांना दारच नाही, त्यांचं काय?
दसरा-दिवाळी झाली की जिंतूर तालुक्यातल्या तांड्यांवरून माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत बांधले जातात. त्यांचा कुठं हजेरीपट नसतो. पण त्यांच्याही संघटना आहेत. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांच्या संघाशी बोलणी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. एकेका कोयत्यानं ती कधीच मिळवली नसती. मात्र ठरलेला दर फडावरच्या हिशेबात उतरतो का, हे बघणारं तिथं कोणी नसतं.

येलदरी-जिंतूरकडच्या शिकल्या-सवरल्या माणसांना माझी विनंती आहे. ओळखीचं कुटुंब तोडीला निघालं की त्याच्याजवळ बसा. उचल किती, दर किती, टन किती, हे वहीत लिहायला शिकवा आणि जवळच्या ऊसतोड संघटनेत नाव नोंदवून द्या. युनियन चांगली की वाईट, याचा वाद त्यानंतर खुशाल घालू.