घड्याळावर आळ घेण्याआधी

अगं, तू पाठवलेली लॉगची ओळ वाचली. सिस्टिमचं घड्याळ एकदम २१४ सेकंद पुढे उडालं, आधी जोडलेली सर्किटं आता चालत नसावीत असं धरतो, अशा अर्थाची. वाचून पोटात गोळा येणारच. पण पहिलं सांगणं एवढंच की रीस्टार्टचा हात आवर.

त्या एका ओळीनं तुझ्या टॉर रिलेचं फारसं काही बिघडत नाही. टॉर स्वतःच्या कामासाठी बांधलेली सर्किटं मोडीत काढतो आणि नवी बांधतो, बस. बिघडतं ते दर इशाऱ्याला घाबरून सर्व्हिस बंद-चालू केल्यानं. प्रत्येक वेळी तुझ्यातून जाणाऱ्या लोकांची जोडणी तुटते. शिवाय ‘स्टेबल’ आणि ‘गार्ड’ हे फ्लॅग रिले किती टिकून उभा राहतो हे बघूनच मिळतात, गार्डसाठी वेगही बघतात. नवा रिले गार्ड म्हणून विचारात घेतला जायलाच आठवडाभर लागतो, आणि पुरता भार अंगावर यायला दोन महिन्यांहून जास्त. एवढी कमाई एका पिवळ्या ओळीपायी उधळायची नाही.

आता टॉरला ही उडी कळते कशी, ते बघ. तो दर सेकंदाला वेळ विचारतो. आधीच्या आणि आताच्या उत्तरात १०० सेकंद किंवा जास्त अंतर दिसलं की त्याला संशय येतो. जुन्या आवृत्त्या तेवढ्यावरच बोंब मारायच्या. अलीकडच्या जरा शहाण्या झाल्यात. लिनक्समध्ये दोन घड्याळं चालतात. एक तारीख-वेळ सांगणारं, ते कुणीही पुढेमागे सरकवू शकतं. दुसरं नुसतं मोजत जाणारं, त्याचे काटे कुणाला फिरवता येत नाहीत. टॉर ही दोन्ही ताडून बघतो. दोन्ही सारखीच पुढे गेली असतील, तर आपलाच प्रोग्राम खोळंबला होता असं समजून तासाभरापर्यंत तो गप्प बसतो. त्याहून जास्त झालं तर आपण इतका वेळ निष्क्रिय होतो, अशी वेगळीच ओळ लिहितो. ‘उडी’ची ओळ पुढच्या दिशेनं येते ती दोघांत तफावत पडल्यावरच.

म्हणून रॅम कमी पडतेय का, डिस्क मंद आहे का, स्वॅप भरलाय का, हे जे तू शोधत बसलीस ते या ओळीचं कारण नव्हे. त्यानं दोन्ही घड्याळं सारखीच पुढे गेली असती. उरतात मुख्यतः दोन शक्यता. एक तर कुणीतरी तारखेचं घड्याळ खरंच सरकवलं, नाही तर तुझं अख्खं मशीन तेवढा वेळ झोपलं होतं. दुपारी डोळा लागलेल्या माणसानं उठल्यावर ‘आज घड्याळ फार पळालं’ म्हणावं, तसला दुसरा प्रकार. आणि भाड्याच्या व्हीएमवर बहुतेकदा हाच निघतो.

लॉग हातात आला की मी आधी आकडा बघते, मग दिशा, मग वाजलेत किती ते. उडी मागे असेल तर झोपेचा प्रश्नच मिटला, झोपलेलं मशीन मागे जात नाही. तिथे कुणाचा तरी हात लागलाय. १९८०० हा आकडा दिसला, तर तो साडेपाच तासांचा आहे हे आपल्याला तरी सांगावं लागू नये. जुन्या डेस्कटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहून ठेवतं, लिनक्स ती यूटीसी म्हणून वाचतं आणि इंटरनेट मिळालं की साडेपाच तास मागे येतं. युरोपातल्या सर्व्हरवर मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ३६०० दिसले, तर तिथली उन्हाळी वेळ बदलली म्हणून गप्प बसू नकोस. लिनक्स आतून यूटीसीच धरून चालतं, त्याला उन्हाळ्याशी देणंघेणं नाही. म्हणजे बाहेरून कुणीतरी स्थानिक वेळ आत ढकलतंय.

एक गमतीचा आकडा ४३९८. ऐकायला काहीच वाटत नाही, पण २ चा ४२ वा घात नॅनोसेकंदांत मोजलास की नेमके तेवढेच सेकंद येतात. असा गोल घात म्हणजे कुणाचा हात नव्हे, मोजणीच्या गणितातच चूक. जुन्या मशीनवर आणि व्हीएमवर हा आकडा बऱ्याच लोकांना छळून गेलाय. तो दिसला तर कर्नल कुठल्या स्रोतावरून वेळ मोजतोय ते बघ. प्रोसेसरचा टीएससी, की केव्हीएमचं स्वतःचं घड्याळ. टीएससी अस्थिर ठरवून बाजूला काढल्याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये असेल, तर स्रोत बदल, कर्नल अद्ययावत कर आणि विषय संपव.

तुझे २१४ मात्र असे नाहीत. आणि तू म्हणतेस तसे ते पुन्हा पुन्हा पहाटेच्या सुमारास येतायत, दोन-पाच मिनिटांच्या फरकानं. माझा संशय होस्टिंगवाल्याच्या बॅकअपवर आहे. स्नॅपशॉट घेताना किंवा तुझं व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवताना ते क्षणभर गोठवतात. क्षणभर असायला हवं, पण होस्ट ओव्हरलोड असला की त्याची मिनिटं होतात. गोठलेल्या व्हीएमला काहीच कळत नाही, त्याचं मोजणीचं घड्याळही थांबलेलं असतं. जागं झाल्यावर कुणीतरी तारीख-वेळ दुरुस्त करतं, आणि टॉरला उडी दिसते.

संशय म्हणजे पुरावा नव्हे, तेव्हा पाळत ठेव. व्हीएमवर एक छोटी स्क्रिप्ट लाव. दर १० सेकंदांनी एका ओळीत तारीख-वेळ आणि तिच्या शेजारी प्रॉक फोल्डरमधल्या अपटाइम फाइलीतला पहिला आकडा लिहायचा. बास. त्याच वेळी घरच्या लॅपटॉपवरून त्या सर्व्हरला दर १० सेकंदांनी पिंग, उत्तर आलं की नाही ते वेळेसकट फाइलीत. लॅपटॉप मात्र रात्रभर झोपू देऊ नकोस, नाही तर दोघंही साक्षीदार आंधळे. सकाळी तीन स्तंभ शेजारी ठेव. तारीख उडाली, अपटाइम आपलं १०-१० नं पुढे जातंय आणि तेवढीच मिनिटं पिंग मेला होता, तर मशीन गोठलं होतं. तारीख उडाली, अपटाइम सरळ आणि पिंग अखंड चालू, तर कुणीतरी घड्याळ हलवलं. तारीख आणि अपटाइम दोन्ही उडाली आणि पिंग चालू, तर तुझी स्क्रिप्टच अडकली होती, मग खुशाल डिस्क आणि रॅम तपास.

घड्याळ हलवलं असं निघालं, तर आधी वेळ राखणारे किती जण आहेत ते मोज. एकाहून जास्त जण वेळ राखत असण्याची ही तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा दिसते आणि सगळ्यात जास्त रागही हिचाच येतो, कारण प्रत्येकानं भल्यासाठीच काहीतरी लावून ठेवलेलं असतं. डेबियनबरोबर आलेलं टाइमसिंक, वरून कुणाच्या सल्ल्यानं टाकलेला क्रोनी, क्रॉनमध्ये विसरलेली एनटीपीडेटची जुनी ओळ, आणि व्हर्च्युअल मशीनच्या टूल्समधला होस्टशी वेळ जुळवा हा पर्याय. एक पुढे ओढतो, दुसरा मागे. लॉगमध्ये पुढे उडी आणि लगेच तेवढीच मागे दिसली की हाच तमाशा समजायचा. एकच ठेव, बाकीचे बंद कर. ठेवायचा तर क्रोनी. डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये तो सुरू झाल्यावर पहिल्या तीन दुरुस्त्यांतच, आणि चूक एका सेकंदाहून जास्त असेल तरच, घड्याळ झटक्यानं हलवतो. नंतर वेग किंचित कमी-जास्त करून हळूहळू जुळवून घेतो. टाइमसिंक तसं नाही, चूक जेमतेम अर्ध्या सेकंदाच्या घरात गेली की ते कधीही सरळ उडी मारतं. म्हणजे एकटा क्रोनी कित्येक दिवस चालू असताना मध्येच उडी आली, तर ती क्रोनीची नाही हे तू छातीठोक म्हणू शकतेस. क्रोनीला चार सर्व्हर दे, एकावर विसंबू नकोस. एनटीपी पूलचे दे हवं तर, तोही २००३ पासून तुझ्यासारखे स्वयंसेवकच चालवतायत.

घरी रास्पबेरी पाय ठेवून रिले चालवायचा तुझा विचार आहे, म्हणून हेही सांगून टाकते. पाय ५ च्या आधीच्या बोर्डांवर घड्याळाची चिपच नाही. ते दर तासाला वेळ एका फाइलीत लिहून ठेवतात आणि सुरू होताना तीच खरी मानतात. रात्री लाइट गेली, पहाटे आली, की पाय अजून रात्रीतच, आणि राउटर जागा होऊन इंटरनेट मिळालं की मोठी उडी. डीएस३२३१ चं छोटं मॉड्यूल बॅटरीसकट लाव, आणि वेळ जुळल्याशिवाय टॉर सुरूच होणार नाही अशी सिस्टिमडीला अट घाल. टॉर नेटवर्कची यादी नऊ डिरेक्टरी अथॉरिटी दर तासाला मतदान करून ठरवतात आणि ती तीन तासच वैध असते. दोन-चार मिनिटांनी काही होत नाही, पण तासांनी चुकलेल्या रिलेला हातातली यादी ताजी की शिळी हेच कळणार नाही.

शोधाशोधीत डीबग लॉग लावावासा वाटेल. लावू नकोस. या कामाला तो लागत नाही, आणि सेफलॉगिंग तर अजिबात बंद करायचं नाही. लोक तुझ्या रिलेवरून जातात ते त्यांचे पत्ते कुठे लिहिले जाऊ नयेत म्हणून, आपल्या घड्याळाच्या भानगडीत ते नकोत. मला ओळी पाठवतानाही आयपी काढून पाठव.

पुरावा हातात आला की होस्टिंगवाल्याला तिकीट टाक. ‘माझं घड्याळ उडतं’ असं लिहिलंस तर एनटीपी लावा म्हणून सांगतील आणि तिकीट बंद. लिहायचं असं: अमुक तारखेला, यूटीसी अमुक वाजता, व्हीएम इतके सेकंद पूर्ण थांबलं होतं, बाहेरून पिंगला उत्तर नव्हतं, त्या वेळी होस्टवर स्नॅपशॉट किंवा मायग्रेशन चालू होतं का? शक्य तितक्या दिवसांच्या वेळा खाली दे. बॅकअप तुझ्याच पॅनेलमधून चालू असेल तर तो तू स्वतःच बंद करू शकतेस. रिलेच्या सर्व्हरवर बॅकअप घ्यावा असं किल्ल्या आणि टॉरआरसी सोडून आहेच काय?

आणि त्यांनी दाद दिली नाही तर सरळ दुसरीकडे हलव. रिलेची ओळख टॉरच्या कीज फोल्डरमध्ये असते. ते आत्ताच उतरवून घे, आणि नव्या सर्व्हरवर ठेवताना मालकी टॉरच्या युजरकडेच राहील हे बघ. फिंगरप्रिंट तोच राहतो. फक्त जुना पूर्ण बंद केल्याशिवाय नवा सुरू करू नकोस, एका ओळखीचे दोन रिले एका वेळी चालता कामा नयेत.