लवादाचा निवाडा आणि करारातील दोन शब्द

बांधकाम करारातील वाद पैशावरून उभे राहतात. त्यांचा निकाल मात्र पुष्कळदा एखाद्या कलमातील शब्दप्रयोगावर लागतो. दिल्ली विमानतळ मेट्रोचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

नवी दिल्ली ते द्वारका सेक्टर २१ या सुमारे २३ किलोमीटरच्या मार्गासाठी दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशन व दिल्ली एअरपोर्ट मेट्रो एक्स्प्रेस ही खासगी कंपनी यांच्यात २५ ऑगस्ट २००८ रोजी करार झाला. पूल, बोगदे आदी स्थापत्यकामे कॉर्पोरेशनने करावयाची. गाड्या, यंत्रणा आणि परिचालन कंपनीकडे. फेब्रुवारी २०११ मध्ये मार्ग सुरू झाला. जुलै २०१२ मध्ये उन्नत मार्गाच्या बांधकामात दोष आढळल्याने गाड्या थांबल्या. ९ जुलैला कंपनीने दोषांची यादी देऊन ते ९० दिवसांत दूर करण्याची नोटीस दिली आणि ८ ऑक्टोबरला करार संपुष्टात आणला.

कलम बारकाईने वाचावयास हवे. मुदतीत दोष दूर झाले नाहीत, किंवा ते दूर करण्यासाठी 'परिणामकारक पावले' उचलली गेली नाहीत, तरच करार संपविता येत होता. दोष पूर्णपणे निघणे आणि त्या दिशेने पावले पडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. नोटिशीनंतर दुरुस्ती झाली, रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०१३ मध्ये मर्यादित वेगाने गाड्या पुन्हा धावल्या. मंजुरीसाठीचा अर्ज उभयतांनी मिळून केला होता, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

११ मे २०१७ रोजी लवादाने कंपनीच्या बाजूने सुमारे २,७८२ कोटी रुपये व त्यावरील व्याजाचा निवाडा दिला. पुढचा प्रवास हेलकाव्यांचा आहे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने निवाडा कायम केला. जानेवारी २०१९ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला. पुनर्विलोकन याचिकाही फेटाळली गेली. तोवर व्याजासह दावा आठ हजार कोटींच्या घरात पोहोचत होता. मुद्दलाहून व्याज जड व्हावे, हे दीर्घ लवादांचे जुनेच दुखणे!

लवाद व सुलह अधिनियम, १९९६ च्या कलम ३४ नुसार न्यायालय पुराव्याचे नव्याने वजन करीत नाही. मात्र निवाड्याच्या मुळाशी जाणारा पुरावाच दुर्लक्षिला गेला असेल, तर तो उघड अवैधतेत मोडतो. १० एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, क्वचितच मान्य होणाऱ्या उपचारात्मक याचिकेत, हेच सूत्र लावले: लवादाने आयुक्तांचे प्रमाणपत्र आणि 'परिणामकारक पावले' या शब्दांकडे लक्ष दिले नव्हते. खंडपीठाचा निर्णय कायम झाला आणि कॉर्पोरेशनने निवाड्यापोटी भरलेली रक्कम परत करण्याचा आदेश निघाला.