यंत्राची मदत आणि विद्यार्थ्याची सही



३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी हे साधन लोकांसाठी खुले केले. तेव्हापासून प्रकल्प, निबंध, लघुप्रबंध लिहिताना अशा साधनांचा उपयोग सर्रास होऊ लागला आहे. आपल्या समाजातील मुले-मुलीही त्यात आली. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि पुढे इंग्रजीत प्रबंध लिहावा लागणाऱ्या मुलीला घरात विचारायला बहुधा कोणी नसते. हे साधन तिला मध्यरात्रीही उत्तर देते. म्हणून ते वापरूच नका, असे आम्ही म्हणणार नाही. वापरले तर ते कागदावर कसे नोंदवावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

यंत्राला लेखक म्हणता येत नाही. लेखक तो, जो लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी घेतो आणि चूक निघाल्यास जाब देतो. प्रकाशन-नीतीविषयी काम करणाऱ्या 'कोप' या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ च्या फेब्रुवारीत हेच स्पष्ट केले. मग नोंद कशी करायची? येथे पद्धतीपद्धतींत फरक आहे. २०२३ मध्ये एपीए पद्धतीने सांगितले की लेखकाच्या जागी साधन बनविणाऱ्या कंपनीचे नाव, नंतर वर्ष, साधनाचे नाव व आवृत्ती द्यावी. एमएलए पद्धतीत लेखकाची जागा रिकामीच राहते आणि आपण यंत्राला काय विचारले ते शीर्षकाच्या ठिकाणी येते. शिकागो पद्धतीने त्याच वर्षी तळटीप पुरेशी मानली. यांपैकी कोणती पद्धत धरावी, हे आपल्या विभागाला विचारावे.

परंतु खरी गफलत पुढेच होते. यंत्राचे नाव तळटिपेत घातले म्हणजे मजकूर सिद्ध झाला, असे अनेकांना वाटते. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. नोंद कोणी केली हे आद्याक्षरांवरून कळते. पण ती खरी की खोटी, हे व्हाउचर काढूनच पाहावे लागते. यंत्राचा उल्लेख म्हणजे आद्याक्षरे. व्हाउचर म्हणजे मूळ ग्रंथ, अहवाल किंवा जनगणनेचा तक्ता, आणि तो तुम्ही स्वतः उघडून पाहिलेला असला पाहिजे.

हे साधन पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत वाक्य जुळविते. त्यामुळे अस्तित्वात नसलेले पुस्तक, लेखक व पृष्ठक्रमांकही ते बिनदिक्कत देते. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ साली दोन वकिलांना व त्यांच्या संस्थेला मिळून ५,००० डॉलरचा दंड झाला, कारण विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी दाखल केलेले काही निकाल चॅटजीपीटीने रचलेले होते. निकाल खरे आहेत ना, हेही त्या यंत्रालाच विचारले गेले होते, आणि यंत्र 'होय' म्हणाले होते!

आपल्याकडे हा धोका बाबासाहेबांच्या अवतरणांबाबत अधिक आहे. यंत्राने एखादे तेजस्वी वाक्य त्यांच्या नावावर दिले, तर ते उतरवून घेण्यापूर्वी महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या 'लेखन आणि भाषणे' या मालिकेचा संबंधित खंड पाहावा. जातिसंस्थेवरचा १९१६ चा निबंध पहिल्या खंडात आहे, रुपयाचा प्रश्न सहाव्यात, बुद्ध आणि त्यांचा धम्म अकराव्यात. वाक्य सापडले तर खंडाचा व पृष्ठाचा संदर्भ द्यावा. सापडले नाही तर वाक्य गाळावे, कितीही आवडले असले तरी.

भाषा सुधारण्यासाठी घेतलेली मदतही लपवू नये. शब्दांचे भाषांतर किंवा वाक्यांची दुरुस्ती यंत्राकडून करून घेतली असल्यास तीही सांगावी, असे एमएलए पद्धत म्हणते. यात कमीपणा कसला? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार, काम स्वतःचे व मूळ आहे असे लेखी हमीपत्र विद्यार्थ्याला द्यावे लागते. त्या हमीपत्रावर सही तुमची असते. न सांगता घेतलेला मजकूर पुढे उघडकीस आला, तर घरातल्या पहिल्या पदवीवरच संकट येते.

प्रबंधात अशी टीप पुरते: "दुसऱ्या प्रकरणाचा मराठी मसुदा माझा आहे. त्याचे इंग्रजी सुधारण्यासाठी अमुक साधनाची अमुक आवृत्ती अमुक तारखांना वापरली. सर्व संदर्भ मी मूळ ग्रंथांतून तपासले आहेत." मात्र त्यातील शेवटचे वाक्य खरोखर तपासले असेल तरच लिहावे. तसेच विभागाने अशा साधनांना मनाई केली असेल, तर टीप दिल्याने ती मनाई उठत नाही. मार्गदर्शकांना आधीच विचारावे.

एक व्यवहाराची गोष्ट. तोच प्रश्न पुन्हा विचारल्यास यंत्र तेच उत्तर देईल याची खात्री नसते. म्हणून प्रश्नोत्तरांची प्रत त्याच दिवशी छापून, वर तारीख घालून, फाईलला लावून ठेवावी. परीक्षकांनी मागितल्यास ती परिशिष्टात जोडता येते.