डिझेल फिल्टर घेताना किंमत नव्हे, नंबर पाहा

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळचा चौक लागतो. इथून एक रस्ता भोरवरून वरंध घाटाने महाडकडे उतरतो, दुसरा नारायणपूरमार्गे सासवडला जातो. मुख्य रस्ता एका बाजूने कात्रजकडे तर दुसऱ्या बाजूने शिरवळ ओलांडून खंबाटकी घाटाकडे जातो. भरलेल्या गाडीला या भागात चढ चुकत नाही, आणि डिझेल फिल्टरची खरी परीक्षा चढावरच होते.

आमच्या कापडाच्या गाठी इचलकरंजीहून याच रस्त्याने येतात. एकदा आमच्या मालाची गाडी खंबाटकी कशीबशी ओलांडून आली आणि कापूरहोळच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हरने हँडपंप मारून एअर काढली, गाडी दोन-चार किलोमीटर चालली आणि पुन्हा थांबली. मिस्त्रीने फिल्टर उघडला तेव्हा आतला कागद एका बाजूने फाटलेला निघाला. फिल्टर आठ दिवसांपूर्वीच बदललेला होता. डबीवर नामांकित कंपनीची छपाई होती, पण दुकानाचे बिल नव्हते. नवा फिल्टर घालूनही काम भागले नाही, कारण कचरा पुढे इंजेक्टरपर्यंत पोचला होता. गाडीमालकाचा बँकेचा हप्ता त्यात गेला, आणि सणाच्या बाजारासाठी मागवलेला आमचा माल सण उलटल्यावर दुकानात उतरला. थोडे पैसे वाचवण्याच्या नादात दोन घरांचे नुकसान झाले. म्हणून हा विषय केवळ गाडीवाल्यांचा नाही, माल पाठवणाऱ्या आणि मागवणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

फिल्टर काय काम करतो?

डिझेलमध्ये धूळ, गंज आणि पाणी हे तीन शत्रू असतात. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी राहिली, तर आतल्या हवेतील दमटपणाचे थेंब होऊन ते डिझेलमध्ये उतरतात. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसते आणि पंपाला गंज आणते. म्हणून बहुतेक ट्रकला दोन टप्प्यांचे गाळण असते. पहिला फिल्टर जाड कचरा आणि पाणी अडवतो, दुसरा बारीक कण पकडतो.

कापडाच्या धंद्यातील माणसाला हे लवकर समजेल. फिल्टरमधला कागद ताण्या-बाण्याने विणलेला नसतो, तो नमद्यासारखा तंतू जमवून केलेला असतो. त्याला राळेसारख्या पदार्थाने कडक करून घड्या पाडतात, म्हणजे लहान डबीत मोठे क्षेत्रफळ मावते. नकली माल करणारा इथेच चोरी करतो. तो घड्या कमी घालतो आणि कागद हलका वापरतो. बाहेरून दोन्ही डब्या सारख्याच दिसतात.

जुन्या आणि नव्या गाडीतील फरक

जुन्या पंपाच्या गाड्या थोडाफार कचरा सहन करीत. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 नियम लागू झाले. या डिझेल गाड्यांत कॉमन रेल पद्धत असते. तिच्यात डिझेलचा दाब दीड हजार बारच्याही वर जातो, आणि इंजेक्टरच्या आतील फट केवळ काही मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कणही इंजेक्टर झिजवू शकतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात इंजेक्टरही सहा असतात, हे हिशेबात धरावे.

खरेदी कशी करावी?

पहिली गोष्ट नंबर. गाडीच्या पुस्तकातून किंवा जुन्या फिल्टरवरून पार्ट नंबर लिहून घ्यावा. सोबत गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिन नंबर ठेवावा. “आटे बसतात, चालून जाईल” हे उत्तर मान्य करू नये. आटे सारखे असूनही आतील जाळी वेगळी असू शकते. ऑइल फिल्टर तर दिसायला सारखाच असतो. पण त्यात बहुधा बायपास व्हॉल्व्ह असतो आणि फिल्टर तुंबला की तो न गाळलेले तेल पुढे सोडतो. डिझेलच्या जागी तो बसवणे म्हणजे चोरवाट उघडी ठेवणे होय.

दुसरी गोष्ट डबी. बॉक्सवर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीचा तपशील असावा, असा आवेष्टित मालाचा नियम आहे. छपाई फिकट, स्पेलिंग चुकीचे, बॉक्सवरचा आणि डबीवरचा नंबर वेगळा, यांपैकी काहीही दिसले तर माल परत करावा. सन 2008 मध्ये मायको कंपनीचे नाव बॉश झाले. जुन्या सवयीने आपण आजही “मायकोचा फिल्टर द्या” म्हणतो, पण नव्या महिन्याची छपाई आणि जुनेच नाव असा बॉक्स हाती आला तर सावध व्हावे.

तिसरी गोष्ट हाताची पारख. आपण ठाण हातात घेऊन पोत पाहतो, तसे इथेही करावे. रबर रिंग लवचीक हवी, आटे स्वच्छ हवेत, आतला कागद उघडा दिसत असेल तर घड्या सारख्या अंतरावर आणि टोकाला डिंक सलग हवा. मात्र नकली मालही आता सफाईदार येतो. म्हणून हाताची पारख शेवटची नव्हे, पहिली चाळण समजावी.

चौथी गोष्ट बिल. अधिकृत विक्रेत्याकडून पार्ट नंबर लिहिलेले पक्के बिल घ्यावे. जो स्वतः गाडी चालवून पोट भरतो, त्याची खरेदी ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे व्यापारी कारणाची धरली जात नाही, त्याला ग्राहक म्हणून दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. बिल नसेल तर सांगायचे काय आणि दाखवायचे काय?

बसवताना घ्यायची काळजी

नवा फिल्टर आधी डिझेलने भरून बसवण्याची सवय अनेकांना आहे. कॉमन रेल गाडीत हे टाळावे. मधल्या भोकातून ओतलेले डिझेल न गाळता सरळ पुढे जाते. हँडपंप मारूनच एअर काढावी. कागदी फिल्टर धुऊन किंवा हवा मारून पुन्हा वापरू नये, त्यात कागद फाटतो. पाणी सोडण्याचा स्क्रू असेल तर पावसाळ्यात रोज सकाळी थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. पाणी खाली वेगळे दिसेल. संध्याकाळी टाकी भरून ठेवल्यास पाणी कमी धरते. फिल्टर वरचेवर तुंबत असेल तर टाकी साफ करून घ्यावी आणि डिझेल भरण्याचे ठिकाण बदलून पाहावे. फिल्टर कचरा अडवतो, भेसळ अडवू शकत नाही, हेही ध्यानात असावे.

जुना फिल्टर भंगारात देताना डबीला भोक पाडावे आणि बॉक्स फाडून टाकावा. आपलाच रिकामा बॉक्स नकली माल भरून आपल्याच गल्लीत परत येऊ शकतो.

शेवटी स्पेअर पार्टच्या धंद्यातील आणि गॅरेजमधील बांधवांना दोन शब्द. नकली मार्काचा माल विकणे हा ट्रेडमार्क कायदा 1999 नुसार गुन्हा आहे, आणि त्याला किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. पण कायद्याच्या आधी विश्वास येतो. गिऱ्हाईक डबी फोडून पाहू शकत नाही, ते तुमच्या शब्दावर पैसे मोजते. “हा माल असली नाही, घेऊ नका” असे सांगणाऱ्या दुकानात गाडीवाला वाट वाकडी करून पुन्हा येतो. आमच्या कापडाच्या धंद्यातही हाच तजुर्बा आहे. एक वार कमी मोजलेले कापड त्या दिवशी फायदा देते, पण ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.