कोळशात धरलेलं लोखंड

सेमाडोहला सिपना नदीच्या अलीकडे दवाखान्याचं क्वार्टर आहे. भाची आरोग्यसेविका. परतवाड्याला तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मामाजी चार दिवस तिच्याकडे आले आहेत. पाऊस लागला आहे आणि संध्याकाळपासून लाइन नाही. मामाजींनी चुलीतला विझलेला कोळसा चिमट्यानं काढून ताटलीत ठेवला आहे.

भाची : मामाजी, हायड्रोजनवर वीज होते ना? मग माझ्या लसीच्या फ्रिजला तसं यंत्र का नाही लागत?

मामाजी : लागेल की. इंधनघट म्हणतात त्याला. एकीकडून हायड्रोजन द्यायचा, दुसरीकडून साधी हवा. वीज मिळते आणि मागे उरतं पाणी. ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यात अशी बस रस्त्यावर आली. घोडं अडतं ते ऑक्सिजनपाशी. त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ते सोडवून, चार इलेक्ट्रॉन देऊन त्याचं पाणी करायचं, हे काम फार रेंगाळतं. त्याला प्लॅटिनम लागतं, अन् जगातलं बहुतेक प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं.

भाची : म्हणजे प्लॅटिनम उत्प्रेरक. क्रियेत भाग न घेता क्रियेचा वेग वाढवणारा...

मामाजी : थांब! हेच वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर खोडत आलो. भाग न घेता कसा? ऑक्सिजन त्याच्यावर येऊन बसतो. तो ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो, त्याची गाठ सैल करतो, पाणी झालं की सोडतो, अन् पुन्हा पहिल्यासारखा होतो. सुईण बाळंतपण करून घरी जाते, म्हणून काय ती बाळंतपणात नव्हती? एका वर्षी माझ्या तीन पोरींनी पेपरात खरं लिहिलं. त्यांचे गुण कापले. पुस्तकात नाही म्हणे! दोन पत्रं लिहिली मी, एकाचंही उत्तर आलं नाही. अजून डाचतं मले ते.

भाची : बरं, हा कोळसा कशाला काढला?

मामाजी : प्लॅटिनमच्या जागेवर याच जातीचा माल बसवू पाहताहेत. १९६४ साली रेमंड जॅसिन्स्की यांनी दाखवलं की कोबाल्ट असलेलं एक रंगद्रव्यासारखं संयुग ऑक्सिजनचं हे काम करतं. निळ्या रंगात, शाईत वापरतात ना, त्या कुळातलं. पुढे कळलं की ते कर्बावर बसवून भाजलं तर जास्त चांगलं चालतं. आता लोखंडाचा क्षार, नत्र असलेला पदार्थ आणि कर्ब एकत्र करतात, अन् हवा लागू न देता नऊशे अंशांच्या आसपास भाजतात. कोळशाची भट्टी मातीनं लिंपतात, तसंच. त्यात जस्तही घालतात. ९०७ अंशांना जस्त उकळतं, वाफ होऊन जातं आणि मागे बारीक भोकं ठेवतं. हवा तिथून आत शिरते.

भाची : त्यासाठी इथला सागवान तर नाही ना तोडणार?

मामाजी : नाही, नाही. कर्ब कशाचाही चालतो. लोखंडाचं ऐक. ते त्यात एकेक अणू सुटं बसतं, चार नत्रांनी चहूकडून धरलेलं. गरोदर बायांना तू ६० मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी देतेस ना? ते लोह रक्तात कुठं बसतं? हिमोग्लोबिनमध्ये, चार नत्रांच्याच मधोमध. तिथं बसून ऑक्सिजन धरतं अन् सोडतं.

भाची : पण लोखंडच ना? अंगणात राहिला तर आपला तवा एका पावसात गंजतो.

मामाजी : तव्यात अणूंची रास असते. सुट्या अणूचं तसं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बिनप्लॅटिनमच्या उत्प्रेरकांवर कितीतरी वर्षं...

भाची : तव्याचं राहू द्या. नत्रांच्या हातून ते निसटत नाही का?

मामाजी : शंभर भागांत लोखंड एक-दोन भागच असतं. जास्त घातलं की गोळे होतात, ते आम्लानं धुऊन...

भाची : मामाजी, निसटतं का नाही, एवढं सांगा.

(मामाजी कोळसा हातात घेतात. बोटांना काळं लागतं.)

मामाजी : निसटतं. बसमध्ये असतो तसा आम्लाचा घट असला तर फारच. दुसरंही एक आहे. ऑक्सिजनला कधी चारऐवजी दोनच इलेक्ट्रॉन मिळतात, मग पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. जखमेवर ओतलं की फेसाळतं, तेच. लोखंडाशी गाठ पडली की त्याचे फार चिडके तुकडे होतात, ते कर्बच कुरतडतात. ज्या भिंतीत लोखंड बसवलं, ती भिंतच जाते. चांगले चांगले नमुने पहिल्या शंभर तासांत निम्म्यावर येतात.

भाची : शंभर तास म्हणजे चारच दिवस.

मामाजी : तू काऊन तेवढंच धरून बसली? अल्कधर्मी घटात ते पुष्कळ टिकतात. जस्त-हवा बॅटरीत तर...

भाची : इथं झाड पडलं की लाइन चार दिवस येत नाही. लसी माझ्या ताब्यात आहेत, मामाजी. मी तासच मोजणार.

मामाजी : मोज. बरोबर मोजून राह्यली तू. माझ्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण पुस्तकातला उत्प्रेरक झिजतच नव्हता.

(भाची टॉर्च घेऊन दवाखान्यात जाते. फ्रिजचा काटा दोन ते आठ अंशांच्या मध्ये हवा. परत येऊन वहीत आकडा लिहिते.)

भाची : पाच आहे. आता अल्कधर्मी घटाचं सांगा.