रुग्णालयीन वैद्यांचे निरंतर शिक्षण : गुळवेलीच्या निमित्ताने तद्विद्यसंभाषा

प्रास्ताविक

पदवी एकदाच मिळते. रुग्ण मात्र रोज नवा येतो. म्हणून रुग्णालयात काम करणाऱ्या वैद्याचे शिक्षण पदवीदानाने संपत नाही, हे सर्वांनाच मान्य आहे. मतभेद आहे तो हे शिक्षण कोठे व कसे व्हावे, याविषयी. निरंतर शिक्षण म्हटले की आज डोळ्यांसमोर येतात ती सभागृहे, व्याख्याने आणि प्रमाणपत्रे. व्याख्यानांची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. तथापि व्याख्यान ऐकून परतलेल्या वैद्याच्या आंतररुग्ण विभागातील केसपेपर पूर्वीप्रमाणेच लिहिले जात असतील, तर त्या श्रवणाचा लाभ रुग्णापर्यंत पोहोचला असे म्हणता येणार नाही. रुग्णालयीन वैद्याचे शिक्षण त्याच्याच रुग्णालयातील केसपेपरपासून सुरू व्हावे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील ८व्या अध्यायात ज्ञानवृद्धीचे ३ उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा. त्याच विद्येच्या जाणकारांशी केलेली चर्चा म्हणजे तद्विद्यसंभाषा. तिचे प्रकार दोन. मित्रभावाने, शंका मोकळेपणाने मांडून केलेली ती संधाय संभाषा. जिंकण्याच्या हेतूने केलेली ती विगृह्य संभाषा. रुग्णालयाला गरज आहे ती पहिल्या प्रकाराची. हा भेद का महत्त्वाचा, हे अलीकडील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

गुळवेलीचा प्रश्न

कोविडच्या साथीत गुळवेलीचा वापर घरोघरी वाढला. मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात पाहिलेल्या ६ रुग्णांचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध केला. या रुग्णांनी गुळवेल सेवन केली होती व त्यांना यकृतशोथ झाला होता. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की सेवन केलेल्या वनस्पतीची ओळख तपासलेली नाही. ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांची मालिकाही प्रसिद्ध झाली.

यानंतर वैद्यकविश्वात बरीचशी विगृह्य संभाषाच झाली. एका पक्षाने गुळवेलीला सर्वस्वी दोषी ठरविले, तर दुसऱ्याने असे घडूच शकत नाही, असे म्हटले. वास्तविक ज्या औषधाचे यथार्थ ज्ञान नाही ते विषासमान ठरते, हा विचार आपल्याच संहितेचा आहे. चुकीच्या वनस्पतीची शक्यता आणि खऱ्या गुळवेलीनेही एखाद्या विशिष्ट प्रकृतीच्या रुग्णास अपाय होण्याची शक्यता, या दोन्ही खुल्या ठेवून विचार करणे हेच वैद्याचे कर्तव्य आहे. उद्या असा रुग्ण आपल्याच रुग्णालयात आला, तर त्याचा केसपेपर या विचारास पुरा पडेल काय, हा खरा प्रश्न आहे.

केसपेपरमध्ये काय हवे?

१. द्रव्यनिश्चिती : औषध ताजे खोड, काढा, सत्त्व की वटी? कोठून आणले? शक्य असल्यास नमुना जपून ठेवावा. गुळवेलीच्या जून खोडाची साल पातळ, कागदासारखी सुटणारी असते; क्रिस्पाच्या खोडावर गाठींसारखे ठळक उंचवटे असतात. शंका असल्यास द्रव्यगुण विभागाचे मत घ्यावे.

२. मात्रा व काल : किती, किती दिवस, कोणत्या अनुपानाने, कोणाच्या सल्ल्याने?

३. अन्य कारणे : मद्यपान, सोबतची सर्व औषधे, हिपॅटायटिस ए, बी, सी व ई यांच्या तपासण्या, पूर्वीचे यकृतविकार व स्वप्रतिकारक विकार.

४. क्रम : औषध सुरू होण्यापूर्वीचे व नंतरचे बिलिरुबिन, एसजीपीटी व एसजीओटी, तारखांसह.

५. औषध थांबविल्यानंतरची स्थिती : निदानपंचकातील उपशय-अनुपशयाचा विचार येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. मात्र खात्री करून घेण्यासाठी तेच औषध पुन्हा देऊन पाहणे सर्वथा टाळावे. कावीळ वाढणे, ग्लानी, भ्रम वा रक्तस्राव दिसल्यास रुग्णास विनाविलंब यकृतविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

६. सूचना : संशयित दुष्परिणामाची नोंद आयुष औषधांच्या औषधसुरक्षा केंद्राकडे करावी. या व्यवस्थेचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. संशय पुरेसा असतो. सिद्धतेची वाट पाहण्याचे कारण नाही.

मासिक संभाषेची रीत

महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एक तासाची संभाषा प्रत्येक रुग्णालयास सहज शक्य आहे. रुग्णाचे नाव झाकून एकच केसपेपर सर्वांसमोर ठेवावा. मांडणी निवासी वैद्याने करावी. औषधालयातील कर्मचारी, परिचारिका व प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांनाही बोलवावे. कारण औषध कोणत्या बॅचचे होते व रुग्णाने ते खरोखर घेतले काय, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. ज्येष्ठांनी शेवटी बोलावे, अन्यथा कनिष्ठांच्या शंका मनातच राहतात. आणि मुख्य पथ्य असे, की ‘कोण चुकले’ यापेक्षा ‘कोणती नोंद राहिली’ हे विचारावे. निष्कर्ष एका पानावर लिहून पुढील महिन्यात त्याची अंमलबजावणी तपासावी. यशस्वी रुग्णांइतकीच उपशय न मिळालेल्या रुग्णांची निवड करावी. शिक्षण तेथेच अधिक घडते.

स्वाध्याय

१. आपल्या रुग्णालयातील गेल्या महिन्याचे कोणतेही १० केसपेपर घ्या. रुग्ण दाखल होण्यापूर्वी घरी घेत असलेल्या औषधांची नोंद कितींमध्ये आहे?

२. गुळवेल दीर्घकाळ देताना यकृताच्या तपासण्या कोणत्या रुग्णांत आधी कराव्यात, याविषयी सहकाऱ्यांशी चर्चा करून आपल्या विभागापुरता नियम लिहा.

आयुर्वेदाविषयीचा आदर दोष झाकल्याने वाढत नाही. नीट लिहिलेल्या केसपेपरने वाढतो. वरील १० केसपेपर वाचून पहिल्या संभाषेचा विषय वैद्यबंधू-भगिनींनी स्वतःच निवडावा, अशी आमची नम्र विनंती आहे.