टाकी काढल्यानंतर मातीचे काय?

जुना पेट्रोल पंप बंद होतो, जमिनीखालील टाक्या क्रेनने उचलल्या जातात, खड्ड्यात मुरूम भरला जातो आणि जागा मोकळी झाली असे मानण्यात येते. वस्तुतः टाकी गळत होती किंवा कसे, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची संधी त्याच दिवशी मिळते. खड्डा बुजविण्याची घाई केल्यास ती कायमची हातची जाते.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे संरक्षक लेप नसलेल्या असंख्य पोलादी टाक्या पुरलेल्या होत्या. १९८४ मध्ये त्यांच्या नियमनाचा कायदा झाला आणि १९८८ च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधारण्यास वा बंद करण्यास २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली. टाक्या उकरल्या जाऊ लागल्या तशा गळत्या उघडकीस आल्या. आजवर नोंदलेल्या गळत्यांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे.

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वरची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते; तिच्याखाली मुरूम व त्याखाली सांधे-भेगांचा खडक असतो. गळलेले इंधन या वाटांनी भूजलापर्यंत उतरते आणि हलके असल्याने पाण्यावर तरंगते. विहिरीवर तवंग नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण पेट्रोलमधील बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य पाण्यात विरघळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. भारतातील पेट्रोलमध्ये बेंझीन घनफळाने १ टक्क्यापर्यंत असू शकते, म्हणजे लिटरमागे सुमारे ८.८ ग्रॅम. ते सर्व पाण्यात उतरले, तर ८ लाख ८० हजार लिटर पाणी या मर्यादेला पोहोचेल. शिक्षकांना हा हिशेब फळ्यावर सहज मांडता येईल.

खड्ड्याचा तळ, बाजू व नळांचे सांधे यांजवळील मातीचे नमुने घ्यावे लागतात. ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून थंड ठेवावेत. साध्या पिशवीतून नेल्यास पेट्रोल वाटेतच उडून जाते आणि निकाल फसवा येतो.

पेट्रोल व डिझेल यांना एकच उपाय लागू पडत नाही. पेट्रोल उडणारे असल्याने, जमीन सच्छिद्र असल्यास, तीत नळ्या उतरवून पंपाने बाष्प ओढून घेता येते व ते कोळशाच्या गाळणीतून सोडता येते. डिझेल मात्र जिवाणूंवर सोपविणे श्रेयस्कर. दूषित माती जाड प्लॅस्टिकवर फूट-दीड फूट थराने पसरून, भोवती बांध घालून, पावसापासून झाकून ठेवतात व वेळोवेळी उलथापालथ करतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ती सतत वाफशावर असावी. चिखल झाला की हवा खेळत नाही, कोरडी पडली की जिवाणू सुस्तावतात. कर्बाच्या १०० भागांस नत्र १० व स्फुरद १ असे सर्वसाधारण प्रमाण सांगितले जाते. या कामास कित्येक महिने लागतात. चिकण काळ्या मातीत भुसा मिसळून ती भुसभुशीत केल्याविना यश येणे कठीण.

आनंद मोहन चक्रवर्ती या बंगालमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या तेलभक्षक जिवाणूचे पेटंट १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजले. शेतात वा पंपाच्या आवारात मात्र तेथेच नांदणारे जिवाणू बहुधा पुरेसे ठरतात.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे ही माती भरावासाठी फुकट देऊन टाकणे. शाळेचे पटांगण वा विहिरीचा काठ अशा मातीने भरला गेला, तर एका जागेचे दूषण दोन जागी पोहोचते. ग्रामपंचायतीने माती कोठून आली हे विचारल्याशिवाय ती स्वीकारू नये.

टाकी रिकामी करणे हे परवानाधारक कुशल माणसांचेच काम होय. रिकाम्या टाकीतील बाष्प स्फोटक असते. नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना या विषयाचे नियमन करते. केंद्राच्या २०२५ च्या दूषित स्थळ व्यवस्थापन नियमांनी संशयित स्थळे हुडकून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास कळविण्याच्या कामात जिल्हा प्रशासन व स्थानिक संस्थांना स्थान दिले आहे. पंप बंद झाल्याची वार्ता येताच परिसरातील विहिरी व विंधन विहिरींची यादी करावी आणि त्यांचे पाणी एकदा पावसाळ्यापूर्वी व एकदा नंतर तपासून घ्यावे.